बेटावर जाणारं सामान

आई कोळंबी सोलायला जायची. आमच्या बंदराला लागून पत्र्याची एक लांब शेड होती. तिथे पंचवीस-तीस बायका उकिडव्या बसून दिवसभर बर्फाच्या पाण्यात हात घालून कोळंबीची डोकी मोडायच्या, साल उतरवायच्या, पाठीतला काळा धागा ओढून काढायच्या. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिची बोटं पांढरी, सुरकुतलेली आणि नखांच्या कडेला चिरलेली असायची. त्या बोटांनी तिला पीठ मळवत नसे. मीठ लागलं की ती दात आवळायची. म्हणून नवव्या वर्षापासून आमच्या घरच्या भाकऱ्या मी केल्या. बाबा ट्रॉलरवर खलाशी. होडी दुसऱ्याची, जाळं दुसऱ्याचं, पाठ तेवढी आमची. एका मोसमात जाळं ओढणारा दोर तुटून त्यांच्या मांडीवर बसला आणि त्यानंतर ते कधी दर्यावर गेले नाहीत. धक्क्यावर बसून लोकांची फाटकी जाळी विणायचे आणि परतणाऱ्या होड्यांकडे बघायचे. रात्रीच्या जेवणाला पेज आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा, चौघांत एक. डोकं धाकट्या भावाला मिळायचं, कारण त्याला ते आवडायचं. मलाही आवडायचं, हे मी कधी सांगितलं नाही. शेडमधल्या जनरेटरची धडधड आमच्या पडवीपर्यंत यायची. ती थांबली की मी चूल पेटवायची, असं आमचं घड्याळ होतं.

हे मी कुणी हळहळावं म्हणून लिहीत नाही. कुठून निघाले ते सांगितलं नाही तर पुढचं कळणार नाही, म्हणून लिहिते. आमच्या घरात सातवीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी गेले. आई म्हणायची, "शिकान काय करूचा ता कर, पण माझ्या हातांसारखे हात करून घेव नको." तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, आणि हॅलिफॅक्सच्या एका प्रोफेसरबाईंना समुद्रपक्ष्यांच्या कामासाठी विद्यार्थी हवे आहेत हे कळल्यावर अर्ज केला. शिष्यवृत्ती मिळाली. गावात मी कॅनडाला चालले म्हटल्यावर लोकांना वाटलं, लग्न ठरलं.

हॅलिफॅक्सला मी आणि ऋचा एका चढावरच्या घराच्या बेसमेंटमध्ये राहायचो. ऋचा पुण्याची. तिचे वडील प्राध्यापक, आजोबाही प्राध्यापक. आम्ही दोघी एकाच लॅबमध्ये, एकाच बाईंच्या हाताखाली. स्वभावाने वाईट नव्हती. उलट पहिल्या हिवाळ्यात मला बूट कसले घ्यायचे ते तिनेच दाखवलं. पण काही माणसांचं चांगलं असणंही अंगावर येतं. ती बाईंना सरळ "आयलीन" म्हणायची, आणि माझ्या तोंडचं "मॅम" वर्षभर सुटलं नाही. रविवारी तिचे बाबा व्हिडिओवर यायचे आणि तिच्याशी तिच्या शोधनिबंधाबद्दल बोलायचे, वाद घालायचे. माझे बाबा विचारायचे, "जेवलंस?" मी हो म्हटलं की त्यांच्याकडे पुढचा प्रश्न नसायचा. पडद्याआड भाजी चिरताना मी ऋचाच्या बाबांचा एकेक शब्द ऐकायची आणि सुरी जोरात चालवायची. सप्टेंबरात धक्क्यावर गळ टाकून बसलेले म्हातारे मला बांगड्यासारखे मासे द्यायचे. मी तिरफळं घालून कालवण करायची तेव्हा ऋचा म्हणायची, "अगं मला काहीच प्रॉब्लेम नाहीये, फक्त खिडकी उघड." बाहेर पाऊस-वारा, आणि आमची खिडकी सताड उघडी. मीही मुद्दाम दोन दिवस पुरेल एवढं करायची.

आमचं काम होतं एका बेटाचं. बेट कसलं, निळ्या पाण्यात पोवळ्यांची एक बांगडी. मधे उथळ पाणी, कडेने वाळू आणि थोडी झुडपं. हिंदी महासागरात, जवळच्या वस्तीपासून बोटीने कित्येक दिवस. तिथे माणूस राहत नाही. वर्षातले काही महिने दोन रक्षक असतात आणि परवानगी असलेले चार-पाच संशोधक. बाकी सगळं पक्ष्यांचं, कासवांचं आणि नारळ फोडू शकणाऱ्या भल्याथोरल्या खेकड्यांचं. काळ्या पाठीचे सुरय पक्षी तिथे लाखांनी येतात आणि उघड्या वाळूवर, गवताची काडीही न लावता, एकेक अंडं घालतात. लॅबच्या खिडकी नसलेल्या खोलीत बसून तिथल्या कॅमेऱ्यांनी काढलेल्या फोटोंत मी ते मोजायची. कानात त्यांच्या कलकलाटाची रेकॉर्डिंग. बाहेर लोक फावड्याने बर्फ उपसायचे आणि मी आत वाळू बघायची. उत्तरेच्या टोकाकडचा एक तुकडा मला घरच्या अंगणासारखा पाठ झाला होता. कुठला दगड, कुठलं घरटं, कुठल्या पिल्लाची चोच वाकडी. बाबांना नकाशावरची जागा समजावली तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे आमच्याच दर्यात मां? मगे तू थंय बर्फात कित्याक गेलंस गो?"

त्या वर्षी मे महिन्यात बाईंबरोबर एका विद्यार्थ्याला जायचं होतं. मोजणीत माझ्याइतका हात कुणाचा बसलेला नाही, हे लॅबमध्ये सगळ्यांना माहीत होतं. शिवाय मी होडीतली. ऋचाला तर हॅलिफॅक्सहून डार्टमथला जाणाऱ्या बाराएक मिनिटांच्या फेरीबोटीतसुद्धा मळमळायचं. ती आल्याचा तुकडा दाढेखाली धरून बसायची आणि मी खुशाल कठड्याला टेकून उभी राहायची. जागा माझीच, असं मी मनात धरून बसले होते.

फेब्रुवारीत बाई म्हणाल्या, आधी विद्यापीठाच्या तलावात पोहण्याची चाचणी. बेटाला धक्का नाही, रबरी बोट खडकाबाहेर थांबते, कधीकधी शेवटचं अंतर पोहून जावं लागतं. बारा फेऱ्या आणि दहा मिनिटं तरंगणं. मला पोहता येत नव्हतं. कोळ्या-गाबतांच्या घरातली मुलगी, आणि पोहता येत नाही! भाऊ होडीवरून उड्या मारायचा. आम्ही मुली टोपल्या घेऊन गुडघाभर पाण्यात उभ्या राहायचो, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. नंतर फोनवर बाबांना सांगितलं तर ते चकित झाले. "चेडवांक कोण पोवूक शिकवता?" मुलींना पोहायला कोण शिकवतं, हे ते खरंच विचारत होते.

तरी मी कुणाला न सांगता पाण्यात उतरले. वाटलं, एवढी पिढ्यान्‌पिढ्यांची दर्याची माणसं, अंगात काहीतरी असेलच. काही नव्हतं. उथळ टोकाचा कठडा सोडला आणि नाकातोंडात पाणी घेऊन परत कठडा धरला. शेजारच्या पट्ट्यात ऋचा आवाज न करता जात-येत होती, सातव्या वर्षी पुण्यात शिकलेली. बाराव्या फेरीला तिने चष्मा वर केला आणि विचारलं, "ए, तू ठीक आहेस ना?" मला तिचा इतका राग कधी आला नव्हता. तिने कीव केली म्हणून नाही; तिला खरंच काळजी वाटली म्हणून.

ऋचा जाणार हे ठरलं. माझ्या वाट्याला सामानाची तपासणी आली. हे काम बाहेरच्यांना ठाऊक नसतं, म्हणून सांगते. त्या बेटावर नेण्याची प्रत्येक वस्तू पांढऱ्या चादरीवर पसरायची, बुटांच्या तळव्यांतल्या खाचा टोकदार चिमट्याने कोरायच्या, खिशांचे कोपरे उलटे करायचे, वेल्क्रोच्या पट्टीत अडकलेली गवताची कुसळं वेचायची. मग सगळं दोन दिवस मोठ्या फ्रीझरमध्ये. त्याने मुंग्या आणि किड्यांची अंडी मरतात. बिया मात्र मरत नाहीत, त्या हातानेच शोधाव्या लागतात. बाहेरची एक बी रुजली तर दोन-चार वर्षांत वाळूवर तण माजतं, आणि तणात सुरय अंडी घालत नाहीत. बोटीवर चढण्याआधी बंदरावर रक्षक पुन्हा तपासतात. कागदावर लिहून न दिलेलं बी-बियाणं सापडलं तर माणूस तिथूनच परत. तपासणाऱ्याने प्रत्येक बॅगेच्या कागदावर सही करायची. म्हणजे त्या वर्षी माझी.

निघण्याच्या आदल्या दुपारी मी स्वयंपाकघरात चहा करत होते. ऋचाची मोठी बॅग तपासून, गोठवून, सील झाली होती. हातातली छोटी सॅक शेवटपर्यंत लागते म्हणून गोठवत नसत, ती दुसऱ्या दिवशी सकाळी नुसती हाताने तपासायची होती. पुण्याहून तिच्या आईने मेतकूट पाठवलं होतं. काकू फोनवर मला म्हणाल्या होत्या, "रेश्मा, तिच्या सामानाकडे बघ हं, वेंधळी आहे ती." ऋचा ओट्याशी उभी राहून आमच्या मिसळणाच्या डब्यातून एका छोट्या स्टीलच्या डबीत चमच्याने काहीतरी भरत होती. मोहरी, जिरं, मेथी. वर चिमूटभर हिंग.

"तिथे नऊ आठवडे डबाबंद जेवायचंय," ती म्हणाली. "एकदा तरी त्यांना फोडणीचं वरण खाऊ घालते. आयलीनला वास आला ना, तर ती मला परतच आणायची नाही!"

फॉर्मवर तिने स्वतः लिहिलेलं मी वाचलं होतं: बिया - नाहीत. खोटं नव्हतं ते. आपल्याकडे कोण मोहरीला बी म्हणतं? बी म्हणजे भोपळ्याची, पपईची, जी थुंकायची किंवा पेरायची. मोहरी म्हणजे फोडणी. मीही तशीच फसले असते. पण आमच्याच खिडकीत, हिवाळ्यात हिरवं खायला मिळावं म्हणून, मी ट्रेमध्ये मेथी पेरली होती. तो ट्रे ऋचाच्या कोपरापासून हातभर अंतरावर होता, पालवी बोटभर आलेली. तिला दिसत नव्हती. मला दिसत होती.

"अजून काही राहिलं का गं?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "झालं सगळं."

आणि तिच्या कपात चहा ओतला. साखर बरोबर तिला लागते तेवढी, दीड चमचा.

सकाळी लॅबमध्ये मी तिची सॅक न उघडता सही केली. मनात सगळं चित्र तयार होतं. दूरच्या कुठल्याशा बंदरावर रक्षक डबी उघडतो, ऋचा हसून समजावू बघते, बाई मान खाली घालतात. पुढच्या वर्षी कुणाचं नाव येईल, तेही त्या चित्रात होतं. त्या वेळी मला अजिबात लाज वाटली नाही, हे आज लिहिताना सांगायला हवं. उलट हलकं वाटलं.

कागद फाइलला लावायला मी माझ्या खोलीत गेले. कॉम्प्युटरवर कालचा फोटो तसाच उघडा होता, उत्तरेचं टोक. रक्षकाच्या नजरेतून डबी सुटली तर? त्याने घाईत बघितलंच नाही तर? ऋचा वेंधळी, तिथे तंबूबाहेर चूल मांडून चमचाभर मोहरी सांडेल आणि पायाने वाळू सारेल. आणि मग मी ज्या वाळूवर दोन वर्षं एकेक अंडं मोजलं, तिथे बोटभर पालवी येईल, आमच्या खिडकीतल्यासारखी. ऋचासाठी माझे पाय हलले नसते. त्या वाळूसाठी हलले.

खाली व्हॅनमध्ये सामान चढत होतं. ऋचाला बाजूला घेऊन कानात सांगता आलं असतं. मी तसं केलं नाही. सगळ्यांसमोर, मोठ्याने, इंग्रजीत म्हणाले, "मॅम, ऋचाच्या सॅकमध्ये बिया आहेत."

ऋचा हसली. "काहीतरीच काय, रेश्मा!" मग तिने सॅक उघडली, डबी हातात घेतली, झाकण काढलं आणि तिचा चेहरा उतरला. "ओ माय गॉड. ही तर... मला सुचलंच नाही. आयलीन, आय स्वेअर, मला हा मसाला वाटला."

आयलीनबाई केप ब्रेटनच्या, मच्छीमाराच्याच घरातल्या. आवाज कधी चढवत नसत. त्यांनी डबीतला एक दाणा बोटावर घेतला, पाहिला, परत टाकला आणि माझ्याकडे वळल्या.

"तुला कधी कळलं?"

"काल दुपारी."

"आणि सही आज सकाळची."

मी सहीचा कागद त्यांच्या हातात दिला.

"तिला मोहरी कळली नाही," बाई म्हणाल्या, "तुला कळली होती. रेश्मा, या कागदाला अर्थ आहे तो फक्त सही करणाऱ्यामुळे. आता मला सगळं पुन्हा उघडायला लागणार." आणि त्यांनी खरंच व्हॅन रिकामी करायला लावली. विमानाला वेळ होता, पण फार नव्हता. तिघा-चौघांनी गुडघ्यांवर बसून सगळ्या बॅगा पुन्हा तपासल्या. मी चिमटा उचलला तेव्हा बाई म्हणाल्या, "तू नको." त्या दोन शब्दांइतकं मला आजवर दुसरं काही लागलेलं नाही, आणि मी बरंच ऐकून घेतलेलं आहे.

व्हॅनचं दार लावण्याआधी ऋचा माझ्याकडे आली. तिचे डोळे भरलेले होते, पण आवाज पक्का होता. "तुला जायचं होतं हे मला माहीत होतं. मी बोलायला हवं होतं, नाही बोलले. पण एक ऐक. माझी फ्लाइट चुकली असती तरी तुला बोटीत जागा मिळाली नसती. पोहायला शीक."

घरी येऊन मी ट्रेमधली मेथी उपटून भाजी केली आणि उभ्याउभ्याच खाल्ली. कडू लागली, कारण माझ्याकडून करपली. दुसऱ्या दिवशी बाईंना इमेल लिहिली. माफी मागितली, कारणं दिली नाहीत. चार दिवसांनी उत्तर आलं, एका ओळीचं: मोजणी चालू ठेव.

जूनपासून मी जवळच्या कम्युनिटी पूलमध्ये नाव घातलं. मोठ्यांच्या वर्गात जागा नव्हती, म्हणून शनिवारी सकाळी पाच-सहा वर्षांच्या मुलांबरोबर. मी कमरेइतक्या पाण्यात, ती गळ्याइतक्या. शिकवणारी तीन नातवंडांची आजी होती, ती सगळ्यांना एकाच सुरात सांगायची, "पाण्यात बुडबुडे काढा, शाब्बास, बुडबुडे!" मी बुडबुडे काढायची. तिसऱ्या आठवड्यात एक फ्रेंच बोलणारी चिमुरडी हात-पाय झाडत पलीकडे पोचली आणि मला तिचाही हेवा वाटला. हेवा हे माझं व्यसनच झालं होतं. पण खरं सांगू? पलीकडच्या काठापर्यंत मला त्यानेच नेलं. जिद्द-बिद्द मोठे शब्द झाले. पाण्याखाली डोळे उघडले की मला शेजारच्या पट्ट्यातून आवाज न करता जाणारी ऋचा दिसायची, आणि मी हात मारायची.

ऋचा ऑगस्टमध्ये परतली. काळवंडलेली, केस उन्हाने तांबूस झालेले. वाकड्या चोचीचं एक पिल्लू तिच्या बुटावर येऊन बसलं होतं, असं तिने सांगितलं. ते मी मोजलेलं पिल्लू नसणार, ते गेल्या मोसमातलं. तरी मला वाटलं, माझंच होतं. सप्टेंबरात नवे फोटो आले आणि मोजायला बसले, तर दर दहा-वीस फोटोंत एकदा ऋचा. तिची टोपी, तिचे पाय, एकदा वाळूवर पालथी पडून पक्ष्यांकडे बघणारी. नियम असा की चौकटीत माणूस आला तर तक्त्यात "माणूस" असं नोंदवायचं. मी नोंदवत गेले. माणूस, माणूस, माणूस. संध्याकाळी त्याच माणसाबरोबर एका ओट्याशी उभी राहून मी फोडणी करायची, आणि मोहरी तडतडली की दोघीही गप्प व्हायचो. नोव्हेंबरात केव्हातरी ऋचा त्या शांततेत फिसकन हसली. मीही हसले. मैत्री झाली असं म्हणणार नाही. खिडकी मात्र ती मग विचारल्याशिवाय स्वतःच उघडायला लागली.

पुढच्या फेब्रुवारीत त्याच तलावात मी बारा फेऱ्या मारल्या. शेवटच्या दोन कशा मारल्या ते आठवत नाही. दहा मिनिटं तरंगताना छताचे दिवे मोजले. वर आले तेव्हा काठावर घड्याळ घेऊन बाई स्वतः उभ्या होत्या. म्हणाल्या, "सामान या वेळी कोण तपासणार?"

"मी माझं तपासते," मी म्हणाले, "मग ऋचाला दाखवते."

ऋचाने माझी सॅक तीनदा रिकामी केली. शिवणीत अडकलेलं एक कुसळ काढून तिने माझ्या नाकासमोर धरलं. "हे बघ, रेश्मा!" तिला झालेला आनंद मी ओळखला, कारण तो माझ्या चांगल्या ओळखीचा होता. मग तिने सही केली.

मी मे महिन्यात बेटावर गेले. खडकाबाहेर रबरी बोट थांबली, लाट होती, शेवटचं अंतर पोहून गेले. नऊ आठवडे राहिले. उत्तरेच्या टोकावरच्या घरट्यांची त्या मोसमाची मोजणी मी तिथे उभी राहून केली, आणि त्याच मोजणीवर मला पदवी मिळाली.